सिलिकोसिस झाल्यावर जगणं सावरायचं कसं? फाउंड्री आणि दगडखाणीतल्या कामगारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, मोल्डिंग (वाळूचे साचे करणं), नॉक-आउट (साचे फोडून ओतीव भाग काढणं), फेटलिंगवर (ते भाग घासून साफ करणं) उमेदीची वर्षं घालवलेली माणसं, क्रशरवर आणि खाणीत दगड फोडलेली माणसं, लाद्या कापणारे कारागीर. यांच्यासोबत मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. छातीच्या डॉक्टरांनी सिलिकोसिस, म्हणजे दगड-वाळूच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, असं नाव सांगितलं की त्यांच्याकडे विचारायचे राहून गेलेले प्रश्न माझ्याकडे येतात. नेहमी येणारे प्रश्न इथे मांडलेत. औषधं आणि ऑक्सिजन मात्र तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

एक्स-रेत सिलिकोसिस निघालाय. हा बरा होतो का?

नाही. हे आधी सरळ सांगितलेलं बरं, म्हणजे 'फुप्फुस धुऊन देतो', 'तीन महिन्यांत डाग घालवतो' म्हणणाऱ्यांच्या मागे घरातले पैसे जाणार नाहीत. वाळू आणि दगडातल्या सिलिकाचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसाच्या पार तळापर्यंत उतरतात. शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी मरतात, आजूबाजूला सूज येते आणि तिथे व्रण धरतो. कण तिथेच राहतात, त्यामुळे काम सुटल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. लोहाराच्या भात्याचं कातडं कडक झालं की तो ओढायला जास्त जोर लागतो, तसंच या फुप्फुसाचं होतं.

पण एक्स-रे म्हणजे सगळा माणूस नव्हे. फोटोत भरपूर डाग असूनही रोज मंडईपर्यंत चालत जाणारे लोक मी पाहते आणि त्यांच्याहून कमी डाग असलेले, पण वर्षभर खाटेवर बसून खचलेलेही पाहते. दोघांमधला बराचसा फरक पायातली ताकद, खाणं, झोप, मनाची उभारी आणि श्वास वापरण्याची रीत यांचा असतो. पुनर्वसनात काम करायचं ते यावरच.

पुनर्वसन म्हणजे काय? दुसरी नोकरी लावून देणं?

नोकरीचा प्रश्न त्यात येतो, पण इथे आपण मुख्यतः श्वसन-पुनर्वसनाबद्दल बोलतोय. साधारण ६ ते १२ आठवड्यांचा हा कार्यक्रम असतो. आठवड्यातून दोन-तीनदा देखरेखीखाली व्यायाम आणि उरलेले दिवस घरी. जोडीला श्वासाच्या पद्धती, आहार, औषधं नीट घ्यायला शिकवणं, मनाचा आधार आणि घरच्यांशी बोलणं. छातीविकार विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत याची चौकशी करा. जवळ सोय नसेल तर कोणत्याही फिजिओथेरपी विभागात 'सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून व्यायाम ठरवून द्या' असं स्पष्ट सांगा.

फुप्फुसच खराब आहे, मग व्यायामाने काय होणार? सगळे तर आराम करा म्हणतात.

'आराम करा' या सल्ल्याने माझ्या पेशंटांचं जितकं नुकसान झालंय, तितकं क्वचितच दुसऱ्या कशाने झालं असेल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण पुढे काय होतं बघा. चढावर दम लागतो म्हणून माणूस चढ टाळतो. मग दुकानापर्यंत जाणं सोडतो, मग अंगणात येणं. न वापरलेले मांडीचे आणि पोटरीचे स्नायू सुकतात. अशा स्नायूंना त्याच कामासाठी जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे आता सपाटीवरही दम लागतो. माणसाला वाटतं आजार वाढला. तो आणखी बसून राहतो. हे चक्र दोन-तीन वर्षं चाललं की चाळिशीतला माणूस संडासला जाताना भिंत धरतो.

व्यायामाने फुप्फुसातले व्रण जात नाहीत. स्पायरोमेट्रीचा (नळीत फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीचा) आकडाही सहसा हलत नाही, आणि तो हलला नाही म्हणून निराश होऊ नका. स्नायू मात्र सुधारतात. तितक्याच श्वासात जास्त अंतर जाता येतं आणि दम लागला की उडणारी घाबरगुंडी कमी होते. व्यायाम करताना दम लागणारच. तो आटोक्यात कसा ठेवायचा, हेच शिकायचं असतं.

मग सुरुवात कुठून करायची?

चाचणीपासून. सरळ, सपाट, साधारण ३० मीटरच्या मार्गिकेत सहा मिनिटं स्वतःच्या चालीने जायचं-यायचं. थांबलात तरी चालतं, घड्याळ मात्र चालू राहतं. बोटाला ऑक्सिमीटर लावतात, आधी आणि नंतर दम शून्य ते दहापैकी किती लागला ते विचारतात. काही आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा केल्यावर अंतर ३० मीटरच्या आसपास वाढलं, तर रोजच्या जगण्यात जाणवेल इतका फरक पडला असं धरतात.

व्यायाम करताना दम दहापैकी चार ते सहाच्या दरम्यान असावा. सोपी खूण म्हणजे चालताना दोन शब्द बोलता आले पाहिजेत, पण अभंग म्हणता येणार नाही. सुरुवातीला दोन मिनिटं चालणं, एक मिनिट थांबणं, असं करत २० ते ३० मिनिटांपर्यंत न्यायचं. जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, टाचा उचलणं, पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन खांद्याचे व्यायाम. घर एका खोलीचं असलं तरी एवढी जागा निघते. ऑक्सिमीटरचा आकडा ८८ च्या खाली जात असेल, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा. ताप असेल किंवा थुंकीत रक्त पडत असेल त्या दिवशी व्यायाम नको.

एकदम दम लागला तर काय करायचं?

पुढे वाकून बसा, कोपरं मांड्यांवर टेका, खांदे सैल सोडा. उभे असाल तर भिंतीला किंवा कट्ट्याला हात टेकून पुढे झुका. नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास घ्या आणि शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून चार मोजेपर्यंत हळू सोडा. जोर लावून फुंकायचं नाही. घाबरल्यावर श्वास भराभर आणि उथळ होतो, म्हणून हे बरं वाटत असताना रोज करून अंगवळणी पाडा. जिना चढताना थांबून श्वास घ्यायचा आणि सोडताना पायरी चढायची. श्वास कोंडून एका दमात चार पायऱ्या चढायची सवय मोडा.

चालताना ठीक वाटतं, पण अंघोळीला सगळ्यात जास्त दम लागतो. असं का?

अनेकांना हा प्रश्न विचारायचीही लाज वाटते. अंघोळीत एकाच वेळी तीन गोष्टी होतात: हात डोक्याच्या वर जातात, वाकावं लागतं आणि डोक्यावर पाणी ओतताना श्वास कोंडला जातो. हात वर गेले की श्वासाला मदत करणारे खांद्याचे आणि मानेचे स्नायू त्या कामात अडकतात. बंद न्हाणीघरातली वाफ वेगळीच.

प्लास्टिकचं स्टूल घेऊन बसून अंघोळ करा. पाणी फार कढत नको, दार किलकिलं ठेवा. साबण, टॉवेल, कपडे आधीच हाताशी. मोठ्या तांब्याऐवजी छोटा मग. अंग पुसण्यात दम घालवण्यापेक्षा मोठा पंचा किंवा टॉवेल अंगाभोवती लपेटून पाच मिनिटं बसून राहा. कपडे बसून घाला, पँटमध्ये आधी पाय आणि मग उभं राहणं. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, ती घ्या. उकिडवं बसल्याने पोट दाबलं जातं आणि दम वाढतो.

क्रशरवर काम केलेल्या बायांना घरी आल्यावरही कामं चुकत नाहीत. त्यांच्यासाठी: ओट्याशी उंच स्टूल ठेवून स्वयंपाक, भाकरी थापताना मध्ये थांबा, पाण्याची कळशी एकदम न भरता अर्धी अर्धी आणा. चूल असेल तर ती सोडणं हाही उपचाराचाच भाग आहे. खरं तर यातली निम्मी कामं घरातल्या इतरांनी उचलायला हवीत आणि मी त्यांच्या नवऱ्यांना आणि मुलांना समोर बसवून हे सांगते.

गूळ खाल्ल्याने धूळ निघून जाते ना?

फाउंड्रीत, गिरणीत शिफ्ट सुटताना गुळाचा खडा द्यायची पद्धत जुनी आहे. घशाला बरं वाटतं, एवढंच. फुप्फुसात खोल रुतलेला सिलिका गुळाने, केळ्याने किंवा दुधाने बाहेर पडतो, असं माणसांमध्ये सिद्ध झालेलं नाही. गूळ खायला माझी हरकत नाही, मधुमेह नसला तर. हरकत याची आहे की गूळ दिला म्हणजे मालकाची जबाबदारी संपली असं मानलं जातं. धूळ खेचणारी यंत्रणा, पाण्याचा फवारा आणि नीट बसणारा मास्क यांची जागा गूळ घेऊ शकत नाही.

वजन उतरतंय. काय खावं?

थोडं थोडं, पण पाच-सहा वेळा. पोट गच्च भरलं की छातीला जागा उरत नाही. डाळी, अंडी, दूध-दही, शेंगदाणे, हुलग्याचं माडगं, नाचणीची आंबील, परवडेल तेव्हा मासे-मटण. महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. प्रयत्न न करता उतरत असेल तर आधी टीबीची तपासणी.

टीबीचा आणि याचा काय संबंध?

फार जवळचा. सिलिका गिळून मेलेल्या भक्षक पेशी हीच टीबीशी लढणारी फौज असते. त्यामुळे सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो आणि काम सोडल्यावरही तो राहतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, यातलं काहीही असलं तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करा. ती आणि पुढची औषधं मोफत आहेत. उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेत महिना १,००० रुपये खात्यात जमा होतात. दोन्ही आजार एकत्र असतील तर टीबीचा कोर्स नेहमीच्या सहा महिन्यांपेक्षा लांबवावा लागू शकतो, मध्येच सोडू नका.

टीबी नसेल, तर तो होऊ नये म्हणून द्यायचे प्रतिबंधक उपचारही असतात. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सिलिकोसिसचे रुग्ण त्यासाठी पात्र धरलेत. डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

उलटही घडतं. एक्स-रेतले डाग पाहून, थुंकीत जंतू न सापडताही, सिलिकोसिसच्या माणसाला टीबीची औषधं पुन्हा पुन्हा दिली जातात. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात की पहिलं वाक्य हे असू द्या: 'मी इतकी वर्षं वाळूत किंवा दगडाच्या धुळीत काम केलंय.' कोणी विचारलं नाही तरी सांगा.

ऑक्सिजन लावला की त्याची सवय लागते का?

नाही. रक्तातला ऑक्सिजन विश्रांतीतही ८८ टक्के किंवा त्याखाली राहत असेल तर डॉक्टर घरी ऑक्सिजन सुचवतात आणि तो दिवसातून किमान १५ तास घ्यावा लागतो. दम लागला की दहा मिनिटं लावून काढण्याची ती गोष्ट नाही. उलट, ऑक्सिजन चांगला असतानाही दम लागू शकतो, तेव्हा मशीनचा उपयोग नसतो. कॉन्सन्ट्रेटरला (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या मशीनला) वीज लागते, त्यामुळे भारनियमनाच्या गावात जोडीला भरलेला सिलिंडर हवा. देवाजवळचा दिवा, उदबत्ती, गॅस, बिडी यांपासून ऑक्सिजन लांब. आणि नाकात नळी असली तरी घराबाहेर पडा. लोक बघतील म्हणून खोलीत कोंडून घेतलेली माणसं बघून मला फार वाईट वाटतं.

बिडी आता सोडून काय फायदा?

सिलिका आणि धूर मिळून होणारं नुकसान एकट्या धुळीपेक्षा जास्त असतं, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. सोडल्यावर खोकला आणि बेडका काही आठवड्यांत कमी होऊ लागतो. तंबाखूमुक्तीची मोफत मदतवाहिनी १८००-११-२३५६ आहे. दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धची) लसही घ्या.

काम सोडलंच पाहिजे का? मास्क लावून चालणार नाही?

धुळीतलं काम सोडलं पाहिजे. रुमाल बांधून काही होत नाही, घातक कण त्यातून सहज आत जातात. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर उपयोगी आहे, पण आधीच दम लागणाऱ्या माणसाला तो आठ तास फेटलिंगच्या ग्राइंडरसमोर लावणं झेपत नाही, आणि दाढी असली तर कडेने गळतो.

पण 'काम सोडा' म्हणणं सोपं, घर चालवणं अवघड. म्हणून राजीनाम्यावर सही करण्याआधी थांबा. त्याच कारखान्यात बिनधुळीचं काम मिळतं का ते डॉक्टरांच्या लेखी शिफारशीसह विचारा: स्टोअर, डिस्पॅच, गेट, पॅटर्न शॉपची नोंद. सही करून बाहेर पडल्यावर भरपाई मागणं कितीतरी कठीण जातं.

भरपाई कुठे मागायची?

सिलिकोसिस हा कायद्याने मान्य केलेला व्यावसायिक आजार आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात आणि १९४८ च्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायद्यात तो होता, आता त्यांच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्येही आहे. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर दावा ईएसआयकडे. तिथलं वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा लाभ मिळतो. या आजाराने मृत्यू झाला तर अवलंबितांना लाभ असतो. अपंगत्वामुळे नोकरी गेली तरी वर्षाला १२० रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत ईएसआयचे उपचार चालू ठेवण्याची तरतूद आहे, हे फारच थोड्यांना माहीत असतं.

ईएसआय नसेल तर मालकाकडून भरपाई, आणि ती न मिळाल्यास भरपाई आयुक्तांकडे दावा. आयुष्यात तीन-चार मालकांकडे काम केलं असेल तरी दावा बाद होत नाही. मुदत साधारण दोन वर्षांची धरा आणि निदान झाल्याबरोबर हालचाल करा.

खरी अडचण पुराव्याची. पगारपत्रक, गेटपास, पीएफचा नंबर, जुने एक्स-रे, बोनसची पावती, कारखान्याच्या स्नेहसंमेलनाचा फोटोसुद्धा जपा. कुठल्या साली, कुठल्या खात्यात, काय काम केलं याची यादी करून डॉक्टरांच्या केसपेपरवर नोंदवून घ्या. एका फेटलिंग कामगाराच्या बायकोने जुन्या डब्यात सगळी पगाराची पाकिटं ठेवली होती, वर्षावार रबर लावून. त्यावरूनच कामाची अख्खी साखळी उभी राहिली.

मी क्रशरवर होतो. हजेरी नाही, कार्ड नाही. माझं काय?

दगड कापणं, फोडणं, चुरा करणं आणि लाद्या कापणं ही कामं राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या यादीत आहेत. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन नोंदणी करता येते. काम अजून चालू असलेल्यांनी हे आजच करावं. निराधार कुटुंबांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करावी. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अनेक जण खेटे घालतात, पण २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत फुप्फुसाचा आजार नाही.

राजस्थानने २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिससाठी (सिलिकोसिससारख्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांसाठी) स्वतंत्र धोरण केलं. प्रमाणपत्र मिळाल्यावर ३ लाख रुपये, मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख, शिवाय मासिक पेन्शन. अंमलबजावणीच्या तक्रारी तिथेही आहेत, पण कार्ड नसलेल्या खाण कामगाराला दार उघडं झालं. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत अशी सोपी वाट असली पाहिजे, असं मी मिळेल त्या व्यासपीठावर म्हणत असते.

रात्री झोप लागत नाही, सारखं मरणाचं मनात येतं.

कमावता हात घरी बसला की हे होतंच, आणि त्यावर उपचार आहेत. उदासी आणि भीतीने दम आणखी वाढतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ज्यांच्या व्यायामाच्या गटात चार समदुःखी असतात ते लवकर सावरतात, म्हणून शक्य असेल तर एकट्याने नको, गटात या.

पती-पत्नीचे संबंध ठेवता येतात का?

हो. दोन जिने सावकाश चढता येत असतील तर सहसा भीती नसते. जेवणानंतर लगेच नको, दमलेल्या वेळी नको, छातीवर भार येणार नाही अशी स्थिती निवडा. श्वासाचा पंप (इनहेलर) चालू असेल तर आधी घ्या.

यंदा वारीला जाता येईल का?

ज्यांचं आयुष्य माउलींच्या पालखीसोबत गेलंय, त्यांना मी सरसकट 'नाही' म्हणत नाही. अख्खी पायी वारी म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, दिवे घाटाचा चढ, गर्दी, धूळ आणि पावसात भिजणं. ते टाळा. गाडीने वाखरीपर्यंत जाऊन शेवटचा टप्पा थांबत थांबत चालणं, हे दोन-तीन महिने आधी तयारी केलेल्यांना जमू शकतं. औषधं अंगावरच्या पिशवीत, मास्क, सोबत एक माणूस. विश्रांतीतच ऑक्सिजन कमी असेल तर मात्र मुखदर्शनावर समाधान माना.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

छातीत एका बाजूला अचानक कळ येऊन दम वाढला तर लगेच, कारण फुप्फुसाला छिद्र पडून हवा बाहेर साठलेली असू शकते. थुंकीतून रक्त, ओठ-नखं निळी पडणं, बोलताना वाक्य पूर्ण न होणं, गुंगी येणं, या सगळ्याला १०८. पायांवर सूज किंवा बेडक्याचा रंग बदलून ताप आला तर एक-दोन दिवसांत डॉक्टर.

माझा मुलगा त्याच फाउंड्रीत लागतोय. लागू दे का?

आधी आत जाऊन बघा. नॉक-आउटला धूळ खेचणारी यंत्रणा चालू आहे का, की नुसतीच बसवलीय? शॉट ब्लास्टिंगचं (बारीक छर्रे मारून ओतीव भाग साफ करायच्या मशीनचं) दार नीट बंद होतं का? झाडलोट कोरडी होते की ओली? हवेच्या पाइपने अंगावरचे कपडे झाडतात का? वर्षाची तपासणी खरंच होते का, आणि रिपोर्ट कामगाराच्या हातात देतात का? उत्तरं समाधानकारक नसतील तर दुसरी जागा शोधा. लागलाच, तर पहिल्या दिवसाआधी छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री स्वतःच्या खर्चाने करा आणि त्याची प्रत घरी ठेवा, कारखान्यात नको.